घरचं बियाणं आणि विंडोजची निळी पाटी

हळदीचा हंगाम भरात असताना वसमतच्या मोंढ्यात कुठल्याही आडत दुकानात जा. बाहेर काट्यावर पोती, आत मुनीमजींसमोर संगणक, संगणकावर हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर. हे सॉफ्टवेअर बऱ्याचदा पुण्या-बंगळूरच्या मोठ्या कंपनीचं नसतं. नांदेडचा नाहीतर लातूरचा बीसीए झालेला एखादा पोरगा ते लिहितो. आडत किती, हमाली किती, तोलाई कुणाच्या खात्यात, उचल कशी वळती करायची, हे सगळं त्याला त्या मोंढ्याच्या रिवाजाप्रमाणं ठाऊक असतं. कर बदलला, बाजार समितीचा सेस बदलला की तो गुगल ड्राइव्हची लिंक पाठवतो. मुनीम नवीन फाइल उतरवून घेतात, डबल क्लिक करतात आणि पडद्यावर निळी पाटी झळकते. विंडोजनं तुमचा संगणक वाचवला, ॲप अनोळखी, आणि खाली ठसठशीत बटण एकच: ‘डोन्ट रन’.

पुढं जायची वाट त्याच पाटीवर असते, पण ‘मोअर इन्फो’ या बारक्या अक्षरांमागे. ती दाबली की मगच ‘रन एनीवे’ उगवतं. एका दुकानात मॉनिटरच्या कडेला सेलोटेपनं चिकटवलेली चिठ्ठी मी पाहिलेली आहे. निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘निळं आलं की मोअर इन्फो, मग रन एनीवे. भ्यायचं नाही.’ सॉफ्टवेअरवाल्या पोरानं फोनवर सांगितलं, मुनीमजींनी उतरवून घेतलं. त्या चिठ्ठीत कुठल्या फाइलसाठी हे करायचं याचा उल्लेख नाही. निळं आलं की दाबायचं, एवढंच.

या चिठ्ठीला मुनीमजींचा अडाणीपणा म्हणून हसणारे लोक मला भेटतात. मला ते मान्य नाही. जी पाटी भल्या फाइलवर आणि चोरट्या फाइलवर त्याच शब्दांत येते, ती पाटी न वाचायला लोक शिकणारच. अडवणूक नको असं माझं म्हणणं नाही, ती हवीच. पण संगणक ज्याच्या पैशाचा, अडवलेली फाइल उघडायचा शेवटचा अधिकार त्याचाच राहायला हवा. आणि तो कसा वापरायचा, ही गुपचूप कानात सांगायची युक्ती न राहता उघडपणे शिकवायची गोष्ट व्हायला हवी. आज आपल्याकडे दोन्ही गोष्टींची बोंब आहे.

आधी ही अडवणूक चालते कशी ते पाहू, कारण त्यातच अर्धी गंमत आहे. ब्राउझरनं इंटरनेटवरून फाइल उतरवली की विंडोज तिच्यासोबत ‘झोन आयडेंटिफायर’ नावाची एक अदृश्य नोंद ठेवतं. त्यात तीनचा आकडा असला की माल बाहेरून आलेला. 2004 च्या एक्सपी सर्व्हिस पॅक 2 पासून ही पद्धत आहे. ॲपलच्या मॅक संगणकावर अशाच नोंदीला ‘क्वारंटाइन’ म्हणतात. फाइल उघडायला गेलं की प्रणाली आधी ही नोंद बघते आणि मग चौकशीला बसते. पण विंडोजमधली नोंद टिकते ती एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट32 नाहीतर एक्सफॅटचा असतो. त्यात फाइल टाकली की नोंद गळून पडते. झिप उलगडणाऱ्या काही प्रोग्रॅमांतही ती मागेच राहते. म्हणजे जी फाइल गुगल ड्राइव्हवरून आली तर निळी पाटी येते, तीच फाइल झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आली तर कुणी हूं की चूं करत नाही. आपल्याकडे व्हायरस नेमके पेन ड्राइव्हवरून गावभर हिंडले. पहारेकरी ठेवला, पण वेशीच्या दुसऱ्या बाजूला.

चौकशी कसली होते? फाइलवर कुणाची डिजिटल सही आहे, आणि ही फाइल आजवर किती लोकांनी उतरवली, मुख्यतः या दोन गोष्टींची. मायक्रोसॉफ्टनं निळी पाटी दाखवणाऱ्या स्मार्टस्क्रीनमध्ये ही ‘पत’ बघण्याची पद्धत 2011 मध्ये ब्राउझरमध्ये आणली आणि 2012 च्या विंडोज 8 पासून ती साऱ्या प्रणालीला लागू केली. जगभर लाखो लोक उतरवतात त्या फाइलला पाटी येत नाही. वसमतच्या मोंढ्यातल्या मूठभर आडत दुकानांसाठी केलेल्या सॉफ्टवेअरची पत कधी वाढायची? सही नसेल तर पत त्या नेमक्या फाइलला चिकटलेली असते. फाइलीत एक अक्षर बदललं की नवी फाइल आणि पत पुन्हा शून्य. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले तेव्हा प्रत्येक छोट्या सॉफ्टवेअरवाल्याला नवी आवृत्ती काढावी लागली, आणि जो ग्राहकाच्या कामाला सगळ्यात तत्पर धावला त्याचीच फाइल सगळ्यात अनोळखी ठरली.

मग सही घ्यावी की, असं कुणी म्हणेल. कोड साइनिंगचं, म्हणजे प्रोग्रॅमवर सही करायचं, प्रमाणपत्र घ्यायला वर्षाला शेकडो डॉलर मोजावे लागतात. जून 2023 पासून त्याची खासगी किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्ये ठेवणं सक्तीचं झालं, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या टोकनचा नाहीतर किल्ली सांभाळणाऱ्या सेवेचा खर्च वेगळा. ॲपलकडे नोंदणी वर्षाला 99 डॉलर. आडत दुकानाकडून वर्षाकाठी दोन-तीन हजार रुपये देखभाल घेणाऱ्या पोरानं हा हिशेब कुठं बसवायचा? मायक्रोसॉफ्टनं 2025 मध्ये आपल्या स्टोअरसाठी एकट्यानं काम करणाऱ्यांचं नोंदणी शुल्क काढून टाकलं. चांगलं झालं. पण मोंढ्यापुरतं सॉफ्टवेअर जगाच्या दुकानात मांडायचं, प्रत्येक दुरुस्तीला त्यांच्या तपासणीची वाट बघायची, आणि तोवर इकडे सौदे थांबलेले, हे व्यवहारात उतरत नाही.

इथं मला सोयाबीनचं उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण मराठवाड्यातल्या माणसाला ही गोष्ट फार चांगली कळते, फक्त दुसऱ्या खात्यात. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याला हिरवट टॅग. आणि तिसरं असतं घरचं बियाणं, ज्याला टॅगच नाही. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखून ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, इतकंच काय विकायचाही हक्क दिला आहे, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. टॅग नाही म्हणून तिफण कुणी अडवत नाही. उलट मे महिना आला की कृषी खातंच गावोगाव सांगत फिरतं, घरचं सोयाबीन पेरा पण आधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, आठवड्यात मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर शिफारशीप्रमाणं पेरा, कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा. यात हक्क आहे, त्या हक्काची जोखीम आहे, आणि जोखीम तपासायची पद्धत खात्यानं स्वतः दारात येऊन शिकवलेली आहे.

टॅगचीही दुसरी बाजू याच मातीनं पाहिली आहे. 2020 च्या खरिपात टॅगवालं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. सहीचंही अगदी तसंच आहे. इराणच्या अणुप्रकल्पात घुसलेल्या आणि 2010 मध्ये उजेडात आलेल्या स्टक्सनेटवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांच्या सह्या होत्या. 2017 मध्ये सीसीक्लीनर या भल्याभल्यांच्या संगणकावर असलेल्या प्रोग्रॅममध्येच चोरांनी आपला माल मिसळला, आणि तो कंपनीच्या खऱ्या सहीनिशी वीस लाखांहून जास्त संगणकांवर पोचला. 2020 मध्ये तर श्लेयर नावाचं मॅकवरचं दुष्ट सॉफ्टवेअर ॲपलच्या स्वतःच्या तपासणीतून ‘पास’ होऊन बाहेर पडलं. सही म्हणजे कुणी बनवलं त्याचा दाखला. आत काय आहे त्याची हमी ती देत नाही.

मॅकचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. मराठवाड्यात मॅक कमी, पण लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम करणाऱ्यांकडे छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत ते दिसतात. 2012 मध्ये मॅकचा पहारेकरी गेटकीपर आला. 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून, स्टोअरबाहेरचं ॲप असेल तर निर्मात्यानं ते आधी ॲपलकडे पाठवून तपासून घ्यायचं, असा दंडक झाला. तरी उजवं क्लिक करून ‘ओपन’ म्हणायची पळवाट होती. 2024 च्या सिकोया आवृत्तीत तीही बंद झाली. आता ॲप उघडायचा प्रयत्न करायचा, नकार घ्यायचा, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त खाली जाऊन ‘ओपन एनीवे’ दाबायचं, पासवर्ड द्यायचा. हे बटण नकार मिळाल्यापासून साधारण तासभरच तिथं राहतं. यावर मॅकवाले फार चिडतात. मला मात्र ही रीत विंडोजपेक्षा बरी वाटते. पासवर्ड मागते, त्या एकाच ॲपपुरती परवानगी देते, आणि माणसाला दोन मिनिटं खुर्चीत थांबवते. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. कधी कधी मॅक अशा फाइलला सरळ ‘डॅमेज्ड’ म्हणतो, कचऱ्यात टाका म्हणतो. फाइल धडधाकट असते, फक्त सही नसते. पहारेकऱ्यानं अडवावं, खोटं बोलू नये.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धची सगळ्यात जड बाजू. मोबाइलवर येणाऱ्या एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या, फायलींनी या भागात लोकांना किती रडवलंय ते सगळ्यांना माहीत आहे. कधी पीएम किसानच्या नावानं, कधी आरटीओच्या चलनाच्या नावानं, कधी लग्नपत्रिका म्हणून. दाबलं की ॲप बसतं, एसएमएस वाचायची परवानगी घेतं, ओटीपी परस्पर पळवतं, आणि बँकेतलं अनुदान जातं. मग सायबर हेल्पलाइनच्या 1930 वर फोन आणि पोलीस ठाण्याच्या चकरा. हे पाहिलेला माणूस म्हणतो, कसला हक्क न् कसलं काय, बाहेरची फाइल उघडूच देऊ नका. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. आणखी एक कबूल करायला हवं: चोर फोनवर बोलत असतो. ‘काका, लाल आलं का? त्याच्याखाली बारीक अक्षरं दिसतात का, ती दाबा.’ जी किल्ली मालकाच्या हातात आहे ती फोनवरून फिरवून घेता येते. वाट लपवून ठेवली तरी चोराला ती माहीत असतेच. माहीत नसते ती मुनीमजींना.

गुगलनं ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केलं की अँड्रॉइडवर बाहेरून बसवायच्या ॲपच्या निर्मात्यालाही आपली ओळख पटवून द्यावी लागेल. सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि 2027 पासून पुढं इतर देशांत. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांनी जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं सांगितलं. या योजनेपेक्षा मला त्यांचीच आधीची एक कल्पना जास्त पटते. 2024 मध्ये भारतासाठी जाहीर केलेल्या प्रयोगात त्यांनी असं ठरवलं की ब्राउझर किंवा मेसेजवरून आलेलं ॲप एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं, ॲक्सेसिबिलिटी अशा नाजूक परवानग्या मागत असेल तर ते बसवायच्या आधीच अडवायचं. इथं विचारणा योग्य जागी आहे: तू कोण, याच्या जोडीला तुला काय हवंय? लग्नपत्रिकेला ओटीपी वाचायची गरज काय, हे परभणीतल्या आजीलाही पटेल. अशा ठिकाणी कुलूप कडक असलं तरी माझी हरकत नाही. विंडोजची निळी पाटी यातलं काहीच सांगत नाही. हा प्रोग्रॅम तुमच्या सगळ्या फायलींना हात लावू शकेल, ही फाइल अमुक ठिकाणाहून अमुक वेळी उतरवली, एवढी दोन वाक्यं मराठीत आली तरी मुनीमजी क्षणभर थांबतील.

तोवर हातात आहे ते वापरायला काय जातं? अडवलेली फाइल उघडायची झाली तर सगळ्यात मोठं पाप म्हणजे विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करणं. आपल्याकडचे दुरुस्तीवाले सर्रास तेच करतात, कारण पुन्हा तक्रार येत नाही. गरज नसते. फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, जनरलच्या पानावर तळाशी ‘अनब्लॉक’चा चौकोन असतो. तिथं खूण केली की त्या एका फाइलची नोंद पुसली जाते, बाकी पहारा जागेवर. पण खूण करण्याआधी उगवण तपासायची. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर फाइल टाकली की अनेक अँटिव्हायरसची मतं एकदम दिसतात. (ग्राहकांची नावं आणि हिशोब असलेली फाइल तिथं टाकू नये, टाकलेला माल इतरांपर्यंत जाऊ शकतो.) दुसरं, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल’ आज्ञेनं फाइलचा एसएचए256 ठसा, म्हणजे त्या नेमक्या फाइलची आकडे-अक्षरांची ओळख, काढता येतो. सॉफ्टवेअरवाल्या पोरानं नव्या आवृत्तीसोबत तो ठसा वेगळा कळवला आणि मुनीमांनी शेवटची सहा अक्षरं फोनवर जुळवून पाहिली तर, वाटेत कुणी फाइल बदलली असल्यास, बहुधा तिथंच कळतं. मोठ्या शहरातल्या माणसाला नाही अशी सोय मोंढ्यात आहे: बनवणारा ओळखीचा, आवाज ओळखीचा. विंडोजला अनोळखी असलेला प्रकाशक मुनीमजींच्या मुलीच्या लग्नात वाढायला होता. ही ओळख पत म्हणून वापरायची, फक्त फोन आपण लावायचा. आलेल्या फोनवर काही दाबायचं नाही.

आता सरकारकडे येतो. इथं माझी सहनशक्ती कमी पडते. विवरणपत्रं, शिष्यवृत्त्या, वेगवेगळ्या विभागांच्या ऑफलाइन युटिलिटी, टोकनचे ड्रायव्हर, सही उमटवणारे छोटे प्रोग्रॅम, हे सगळं सेवा केंद्रं आणि कर सल्लागार रात्रंदिवस उतरवत असतात. अशा एका युटिलिटीच्या सूचनापत्रात मी स्वतः वाचलंय की चालत नसेल तर अँटिव्हायरस तात्पुरता बंद करा. ज्या केंद्रात गावातल्या प्रत्येकाचा आधार, सातबारा आणि बँक पासबुक स्कॅन होतं, तिथं! एक विभाग सायबर जागृतीची पत्रकं वाटतो आणि दुसरा पहारा उतरवायला सांगतो.

आणि याच केंद्रातल्या माणसाच्या खिशात डिजिटल सहीचं टोकन असतं. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं ती सही कागदावरच्या सहीइतकी पक्की. तिच्यावर कोटीकोटींच्या निविदा भरल्या जातात. पण त्या टोकनानं एखाद्या सेटअप फाइलवर सही करून निळी पाटी टाळता येत नाही. एक तर प्रोग्रॅमसाठी वेगळ्या प्रकारचं प्रमाणपत्र लागतं, आणि दुसरं म्हणजे ते देणारी संस्था मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत असावी लागते. या यादीबाबत आपली बाजू फार उजळ नाही. जुलै 2014 मध्ये उघड झालं की एनआयसी या केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या काही संकेतस्थळांच्या नावानं अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली होती. मायक्रोसॉफ्टनं ती रद्द ठरवली, आणि गुगलनं भारताच्या प्रमाणन नियंत्रकाखालच्या प्रमाणपत्रांवरचा क्रोमचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनांपुरता आकसून घेतला. पत एकदा गेली की परदेशी कंपनीच्या नावानं बोटं मोडून ती परत येत नाही. पण त्या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. छोट्या सॉफ्टवेअरवाल्याला परवडेल अशा दरात विंडोजसाठी कोड साइनिंगचं प्रमाणपत्र आणि मॅकसाठी ॲपलची नोंदणी मिळवून देणं हे काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणात बसायला हवं. स्टार्टअपच्या मेळाव्यांवर होणाऱ्या खर्चाच्या मानानं हा पैसा किरकोळ आहे.

त्याआधी एक काम तर बिनखर्चाचं आहे. सरकारी सॉफ्टवेअरच्या प्रत्येक निविदेत एक अट घालावी: सेटअप फाइल सही केलेलीच द्यायची, तिचा एसएचए256 ठसा संकेतस्थळावर छापायचा, आणि ‘अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना सापडली तर बिल थांबवायचं. ठेकेदारांना सही करणं अवघड जाऊ नये. निविदा भरताना ते करतातच.